एका वेळी एकच गोष्ट

तक्रार: निळा धूर.
गाडी: डिझेल, चार सिलिंडर, बावीस वर्षं जुनी. दोन लाख शहाऐंशी हजार किलोमीटर.
मालक: ताई.

एवढं कार्डावर लिहिलं आणि सायलेन्सरमागे जाऊन उकिडवा बसलो.

"दाब," मी ओरडलो.

ताईने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन खाकरलं आणि निळा धूर माझ्या गुडघ्यांवरून गॅरेजच्या दारापर्यंत पसरत गेला. जळक्या तेलाचा वास. जिभेच्या मुळाशी बसतो तो, चहा प्यायला तरी जात नाही.

"बास. कधीपासून आहे हे?"

"महिना झाला असेल. परवा एक स्कूटरवाला शेजारी येऊन म्हणाला, बाई, डास मारत निघालात का?"

मागच्या सीटवरून गोटी हसली. गोटी माझी भाची, वय नऊ. जन्मली तेव्हा इतकी गोल होती की नाव ठेवायच्या आधीच हे नाव पडलं. आता त्या नावाजोगं तिच्यात काही उरलं नव्हतं. मनगटं माझ्या पान्याच्या दांड्याएवढी. दर बुधवारी ताई तिला पंचेचाळीस किलोमीटरवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायची. रक्त झालं, फोटो झाले, पोटात नळी घालून बघून झालं. सगळं चांगलं होतं. दोन माणसांचं जेवायची. फक्त वजन उतरत होतं, आणि का ते कुणालाच सांगता येत नव्हतं. भाऊजी दूरच्या कामावर. रोज संध्याकाळी फोनवर त्यांचा एकच प्रश्न: आज किती?

"गाडी बंद पडून चालणार नाही रे धाकट्या," ताई म्हणाली. "बाकी काय बंद पडायचं ते पडू दे."

*

धुराबद्दल.

काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. पांढरा म्हणजे इंजिन थंड आहे, नाहीतर आत पाणी शिरतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. यापलीकडे त्यात काही नाही. एकोणीस वर्षं मी धुराकडे बघतोय. गिऱ्हाईक खोटं बोलतं, धूर बोलत नाही.

*

पाहणी, दिवस पहिला.

डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेला.

"मध्ये ऑइल टाकलंस?"

"मी? मला ते झाकण कुठंय तेही माहीत नाही."

म्हणजे चार महिन्यांपूर्वी मीच भरलेलं ऑइल, जेवढ्यास तेवढं. एवढा धूर टाकणाऱ्या गाडीचं ऑइल महिन्याला लिटरभर तरी उतरायला हवं. कधीकधी डिझेल झिरपून ऑइलमध्ये मिसळतं आणि पातळी भरल्यासारखी दिसते. म्हणून थेंब बोटांत चोळून बघितला, कागदावर टाकून बघितला. डिझेलचा मागमूस नाही. कॉम्प्रेशन मोजलं, चारही सिलिंडर एकसारखे. टर्बोची नळी आतून कोरडी. जळण्यासारखं काही जळत नव्हतं, आणि धूर येत होता.

आमच्या धंद्यात एक शिस्त आहे. वस्तादांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या डोक्यात टपली मारून शिकवलेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन नंबरच्या सिलिंडरचा नॉझल काढून तीनला लाव, तीनचा दोनला. दोष नॉझलबरोबर गेला तर नॉझल खराब. जागेवर राहिला तर जागा खराब. दोन गोष्टी एकदम बदलल्या की गाडी दुरुस्त झालेली कळते, कशाने झाली ते जन्मात कळत नाही.

तर, फेऱ्या.

*

पहिली.
बदल: चालवणारा. मी एकटा. साठ किलोमीटर, चढ धरून.
धूर: नाही.

दुसरी.
बदल: ताई एकटी. मी माझ्या व्हॅनमधून मागे.
धूर: नाही.
ताई खिडकीतून ओरडली, "तुला बघून लाजतेय!"

तिसरी. बुधवार. ताई आणि गोटी, हॉस्पिटल आणि परत. मी मागे. पहिल्या वळणाच्या आधीच निळा. मग नव्वद किलोमीटर निळा. निघण्याआधी मी गाडीचं सगळं ऑइल काढून भंगाराच्या काट्यावर तोललं होतं: पाच किलो शंभर ग्रॅम. परत आल्यावर गरम असतानाच पुन्हा काढलं. हात पोळला.

पाच किलो शंभर.

दुसऱ्यांदा तोललं. शंभरच.

तो काटा दाराशीच असतो, जुने सुटे भाग मोजायचा, लोखंडी, जमिनीलगत. मी डबा उचलला आणि गोटी त्याच्यावर चढून मांडी घालून बसली.

"मामा, मला भंगारात घातलीस तर काय भाव?"

"तांब्याचा," मी म्हणालो. "लोखंडात कोण घेईल तुला!"

काट्यावर आकडा आला. बावीस किलो आठशे.

"तुझा काटा बिघडलाय," ताई म्हणाली. "निघताना घरी तेवीस दोनशे होती. हेच कपडे."

मी पाच किलोचं माप ठेवून बघितलं. पाच. दहाचं ठेवलं. दहा.

कार्डावर लिहिलं, ऑइलची घट: शून्य. आणि त्याच्याखाली, का कोण जाणे: चारशे. कशाचे ते लिहिलं नाही.

*

चौथी.
बदल: गोटीच्या जागी तेवीस किलो नटबोल्टांचं पोतं.
धूर: नाही.

पाचवी.
बदल: गोटी मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर.
धूर: आहे. चौकापर्यंतच गेलो, परत फिरलो.

मध्ये आणखी एक बुधवार झाला, धूर दाट, घट सातशे. सहावी मला करायची नव्हती. ताईला करायची होती. गोटीला माझ्या व्हॅनमध्ये बसवायचं, आणि ताई शेजारणीच्या स्कूटरवरून मागे. माझी व्हॅन पेट्रोलवरची, तीन वर्षांची, मी स्वतःच्या हाताने जपलेली. गल्ली सोडून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. गोटी आरशावर लटकणारा माझा बिल्ला बोटाने फिरवत होती. फोन वाजला.

"थांबव," ताई म्हणाली.

"काय झालं?"

"थांबव म्हणते ना!"

मी आरशात बघितलं. ताई दिसत नव्हती. मागचा रस्ता निळा झाला होता.

*

गॅरेजात परतल्यावर मी लिहिलं:

दोष जागेवर राहत नाही.
दोष गाडीत राहत नाही.
दोष

ताई पाठीमागे उभी होती. "पूर्ण कर की वाक्य."

"पेन चालत नाहीये."

"एकोणीस वर्षांत तुझं पेन कधी अडलं नाही ते?"

तिने कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं, चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवलं.

"दवाखान्यात नेत होते मी तिला," ती म्हणाली. "बरी व्हावी म्हणून नेत होते."

*

सतरा दिवस गोटी कुठल्याही गाडीत बसली नाही.

शाळेत चालत. बाजारात चालत. मी रोज दुपारी काटा घेऊन ताईकडे जायचो. बावीस शंभर. बावीस शंभर. बावीस दीडशे. दहाव्या दिवशी बावीस तीनशे, आणि ताईने मला वाटीभर शिरा वाढला. भाऊजींना फोनवर तिने सांगितलं, दुसरं औषध लागू पडलंय. कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही.

ताईची गाडी गॅरेजातच उभी होती. मला तिच्याकडे नुसतं बघवेना. हाताला काम पाहिजे होतं. इंजिन उतरवलं, पिस्टन काढले, चारही सिलिंडरना नव्या रिंगा बसवल्या. जुन्या रिंगा ठीकच होत्या. तरी बसवल्या. अठराव्या दिवशी सकाळी इंजिन परत जोडून पहिल्यांदा चालू केलं, आणि ताईचा फोन आला.

गोटी शाळेच्या पायऱ्यांवर कोसळली होती.

आमच्या इथल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावली, आणि बराच वेळ काढलीच नाही. "आतून फार खंगलीय," त्या म्हणाल्या. "ठोके चुकतायत. इथे माझ्याकडे काही नाही. आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात हलवा."

ॲम्ब्युलन्स दीड तासाने येणार होती. आली असती तरी ती गाडीच.

ताईने आणि मी एकमेकांकडे बघितलं. शेवटच्या दोन बुधवारी धूर दाट होत गेला होता आणि आकडाही. चारशे, मग सातशे. आता पंचेचाळीस किलोमीटर. किती?

"न नेऊन काय करू?" ताई म्हणाली. मला नव्हे.

आम्ही ताईच्याच गाडीने निघालो. ताई चालवत होती, गोटी तिच्या डावीकडे, सीट मागे पाडून आडवी. मी मागे बसून तिच्या डोक्याखाली हात धरला होता. मी मागे वळून बघितलं नाही. वास येत होता.

*

हमरस्त्याच्या तोंडाशी नाका आहे. शिपायाने आडवा हात केला.

"बाई, हा धूर? धूर-तपासणीचा कागद दाखवा."

कागदाची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती.

"पोरगी आजारी आहे हो," ताई म्हणाली.

शिपायाने आत वाकून बघितलं. त्यालाही वाईट वाटलं असावं, पण वर कॅमेरा होता. "ते समोरच तपासणी केंद्र आहे. पाच मिनिटांचं काम. कागदाशिवाय पुढच्या नाक्यावर तासभर अडकवतील, त्यापेक्षा हे बरं."

पत्र्याची शेड, एका कोपऱ्यात काचेची खोली. खोलीत यंत्र, टेबल आणि एक जुनी फिरती खुर्ची, उशी घातलेली. तपासनीस बाहेर आला. पन्नाशीचा, ऐसपैस माणूस. पोटावरची बटणं ताणलेली, चालताना थोडा धापणारा.

"अहो, पेशंटला गाडीत ठेवून तपासणी? सगळा धूर आत घेईल ती. उतरवा, उतरवा."

"तिला उभं राहवत नाही," मी म्हणालो.

"मग कशाला उभं राहायचं?" त्याने स्वतःच दार उघडून गोटीला उचललं. "अगं, तुझ्यापेक्षा माझा डबा जड! चल, आज तू साहेब. माझ्या खुर्चीत बस आणि मला हुकूम सोड."

त्याने तिला काचेच्या खोलीत नेलं, खुर्चीत बसवलं, पाठीला उशी लावली, हातात बिस्किट दिलं. मग सायलेन्सरमध्ये यंत्राची नळी खोचली, इंजिनचे फेरे मोजायची तार हातात घेतली, आणि गाडीत शिरला.

डावीकडून.

ताईच्या शेजारी. गोटीच्या जागेवर.

दोन नंबरचा तीनला. तीनचा दोनला.

मी सायलेन्सरमागे उभा होतो. तोंड उघडलं. काय बोलायचं होतं मला? उतरा म्हणायचं होतं? का म्हणून सांगितलं असतं?

"दाबा," तपासनीस म्हणाला.

ताईने दाबलं. धूर नाही.

"सोडा. दाबा."

नाही.

मी काचेतून गोटीकडे बघितलं. ती खुर्ची हळूहळू फिरवत होती. एका पायाने.

"सोडा. शेवटचं. दाबा."

निळा.

गोटी माझ्यापासून तीस पावलांवर बिस्किट खात होती. गाडीत ती नव्हती. आणि धूर निळा होता.

आरशात ताईचे डोळे दिसले. तिनेही बघितलं होतं. तिने पाय काढला नाही. तपासनीस "सोडा, सोडा, झालं" म्हणाला, तरी तिने आणखी एक क्षण दाबून धरलं.

"थोडा निळा दिसतोय," तो उतरताना म्हणाला. "पण मर्यादेत आहे. घ्या कागद. पळा."

त्याने गोटीला उचलून आणलं. "निघालात, साहेब? खुर्ची राखून ठेवतो."

मी उरलेला पूर्ण रस्ता मागच्या काचेतून बघत होतो.

स्वच्छ.

*

शेरा.

नव्या रिंगा बसायला वेळ घेतात. पहिले काही किलोमीटर त्या निळा धूर टाकतात आणि मग तो आपोआप थांबतो. हे खरं आहे. कुठल्याही मेकॅनिकला विचारा. मी त्या दिवशी रिंगाही बदललेल्या होत्या आणि

त्या दिवशी मी दोन गोष्टी एकदम बदलल्या.

म्हणजे कशाने झालं ते मला कळणार नाही. कळायचा मार्गच नाही. वस्ताद असते तर डोक्यात टपली मारली असती. मला मात्र, सांगायला हरकत नाही, त्या रात्री छान झोप लागली.

*

गोटी अकरा दिवसांनी घरी आली. महिन्यात पंचवीस किलो, तीन महिन्यांत एकोणतीस. भाऊजी सुट्टीवर आले तेव्हा तिला पाठंगुळीला घेताना "अगं बाई, कंबर गेली माझी" म्हणत खाली बसले, आणि बसूनच रडले. गाडीचा धूर पुन्हा दिसला नाही. भंगाराचा काटा मी विकून टाकला.

कागदाची मुदत एक वर्षाची असते.

दुसरं तपासणी केंद्र साठ किलोमीटरवर होतं. ताई म्हणाली, तिकडे जाऊ. मी म्हणालो, कशाला एवढ्या लांब? मला बघायचं नव्हतं. म्हणजे, बघायचं होतं.

काचेच्या खोलीतून माणूस बाहेर आला. मला वाटलं, बदली होऊन कुणी नवीन आलाय. शर्ट तोच होता. खांद्यांची शिवण कोपराजवळ आलेली.

"ओळखलं नाहीत ना?" तो हसला. दात मोठे वाटले. "सगळ्यांचं असंच होतंय. बायको खूश आहे, म्हणते लग्नात होतात तसे दिसताय. मी म्हटलं, लग्नात बूट तरी मापाचे होते."

"बरं नव्हतं का?" मी विचारलं.

"रिपोर्ट सगळे चांगले आहेत हो. खातोयही दोन माणसांचं." तेवढ्यात त्याने गाडीत बघितलं. "अरेच्चा! ही ती मुलगी? काय बाळसं धरलंय! उतरा, साहेब. खुर्ची राखून ठेवलीय तुमची."

गोटीने हसत दाराला हात घातला.

ताईने तिचं मनगट धरलं. जोरात. "नको."

"आई, दुखतंय."

"नको म्हटलं ना. गाडीतच बस."

तपासनीस ओशाळला. मी पुढे झालो. "तुम्ही बाहेरच थांबा, धुरात कशाला येता. मीच दाबतो आतून." त्याने बाहेरूनच आकडे वाचले. उत्तम, म्हणाला. नव्या गाडीला लाजवेल अशी आहे.

कागदावर शिक्का मारायला त्याला दोन्ही हात लागले.

"तुम्ही धुरातले जाणकार दिसता, म्हणून विचारतो," तो म्हणाला. "माझी मोटरसायकल वर्षभर निळा धूर टाकत होती. मी इथे लोकांचा धूर मोजायचा, आणि गेटमधून निघालो की सगळे हसायचे. रिंगा बदलल्या, हेड उघडलं, ऑइल तर थेंबभर उतरत नव्हतं. काय असेल?"

ताई माझ्याकडे बघत होती. गाडीतून गोटीने हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला.

"जुनी असेल," मी म्हणालो.

"तेच. काढून टाकली शेवटी. बॅटरीची स्कूटर घेतली. इंजिन नाही, ऑइल नाही, सायलेन्सर नाही." त्याने कागद माझ्या हातात दिला. बोटं गार होती. "कटकटच मिटली."

गाडी बाहेर काढायला मी शेडच्या मागून वळसा घातला. तिथे त्याची स्कूटर उभी होती, नवीकोरी, पांढरी, पाठ भिंतीकडे करून. मी वाकून खालून बघितलं. नळी नव्हती, असायचं कारणही नव्हतं.

मागच्या भिंतीच्या चुन्यावर, जमिनीपासून वीतभर, सायलेन्सर असता त्या उंचीवर, एक गोल काळपट डाग होता.

मी बोट लावलं. कोमट होता.